जुने थाई भूतपट कुठे बघायला मिळतील?

मंडळी, थोडी मदत हवी आहे. सध्या थाई भुतांनी झपाटलोय. 'शटर' (२००४) बघितला आणि तिथून गाडी थेट 'नाक' नावाच्या बाईच्या प्रसिद्ध थाई भूतकथेवर गेली. नवरा माक लढाईवर गेलेला, इकडे नाक बाळंतपणात बाळासकट मरते. तो परततो तर बायको-मूल घरात हजर! एकदा तिच्या हातातलं लिंबू घराखाली पडतं आणि ते उचलायला तिचा हात लांबच लांब होत जातो, तो प्रसंग थायलंडात सगळ्यांना पाठ. आपल्याकडच्या आळवंतिणीची आठवण झालीच, पण नाक नवऱ्यावर जीव लावून बसलेली आहे. बँकॉकच्या वाट महाबुत देवळात तिचं ठाणं आहे, लोक नवस बोलतात.

१९९९चा 'नांग नाक' आणि २०१३चा विनोदी 'पी माक' झाले. (पहिला जास्त आवडला. दुसऱ्यात मित्रांचा धुडगूस जरा अतीच.) आता १९५९चा जुना नाकपट बघायचाय. त्या काळात तिकडे १६ मिमी फिल्मवर मूकच चित्रण करून थिएटरात कलाकार प्रत्यक्ष आवाज द्यायचे, त्यामुळे उत्सुकता आणखी वाढली आहे. इंग्रजी सबटायटल्ससह कुठे मिळेल?

शिवाय क्रासू, म्हणजे आतडी लोंबकळत रात्री उडणारं बाईचं मुंडकं, यावरचे चांगले सिनेमे सुचवा. २०१९चा 'क्रासू' सोडून. हिंदी रिमेक नकोत प्लीज.