पर्यावरणाच्या ग्रुपात लोक नक्की कशासाठी जातात?

रंकाळाकाठ:
परवा ऑफिसात एकजण म्हणाला, रविवारी कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर कचरा उचलणारे सगळे फोटोसाठी जातात. मनाला लागलं राव. मी गेलो ते २०१९ च्या पुरामुळं. पंचगंगा नदीवर राजाराम बंधाऱ्याला धोक्याची पातळी ४३ फूट, त्या ऑगस्टात पाणी ५५ च्या वर गेलतं. मामाचं घर चिखली गावात, पाणी उतरल्यावर धुवायला गेलो तर कपाटात, देव्हाऱ्यात, भांड्यांच्या फळीवर सगळीकडं प्लास्टिकच्या पिशव्या गाळात रुतलेल्या, ओढल्या की अर्धी हातात नि अर्धी आतच. मामी काही बोलली नाही, नुसती एकेक काढत बसली. तवापासनं काठावर पिशवी दिसली की हात जातोयच.

उपनगरवाला:
भावा, तुझं खरं असंल, पण सगळे तसे नसतात. एनएसएसची, म्हंजे कॉलेजातल्या राष्ट्रीय सेवा योजनेची पोरं येतात कारण वर्षाला १२० तास भरायला लागतात. आणि मला खटकतंय ते वेगळंच. तळ्यातली जलपर्णी वाढते नाल्यातनं येणाऱ्या सांडपाण्यावर, तुम्ही वरनं उपसणार आणि खालनं नाला चालूच. फुकट उपसणारे हात मिळाले की ज्यांचं हे काम त्यांना घाई कशाला वाटंल? तेवढीच माणसं निवेदन घेऊन दारात बसली तर जास्त फरक पडंल.

मंगळवार पेठ:
तासांसाठी आलेली पोरं म्हंजे मी! पहिल्या रविवारी जलपर्णीचं एक जुडगं ओढलं, वरनं हिरवंगार दिसतंय पण खाली मुळं काळ्या केसागत लांब, त्यात गाळ धरलेला, तिघांनी मिळून काठाला आणलं. तास भरून दोन वर्षं झाली, अजून जातोय. कारण एक रिटायर मास्तर आहेत, एखादा रविवार चुकला की दुपारी फोन, "काय रे, बरं हाय न्हवं?" तालमीत पोरगं टिकतं ते असंच की, वस्ताद विचारतोय म्हणून.

उपनगरवाला:
माणसं जोडली जातात हे मान्य, पण त्यानं पंचगंगेचं पाणी सुधारत नाही.

रंकाळाकाठ:
गणपती आठव की. मूर्ती नदीत सोडू नका, दान द्या म्हणून घाटावर हात जोडून पहिल्यांदा उभे राहिले ते कार्यकर्तेच, लोकांचं काय काय ऐकून घेतलं त्यांनी. आता कितीतरी घरातले गणपती पाण्याच्या काहिलीत नाहीतर इराणी खणीत, म्हंजे जुन्या खाणीतल्या पाण्यात जातात, आणि त्यासाठी यंत्रणा राबते. आधी हात लावणारी माणसं होती म्हणून मागणी करायला तोंड मिळालं. नाल्याचंही तसंच करूया, तुझं निवेदन लिही, सह्या आम्ही गोळा करतो.

उपनगरवाला:
लिहितो. पण जयंती नाल्याचं पाणी पंचगंगेत नेमकं कुठनं मिसळतंय ते आधी डोळ्यांनी बघायचंय मला.

मंगळवार पेठ:
मग रविवारी सातला रंकाळ्यावर संध्यामठापाशी ये, तिथनं गाडीवर जाऊ. बूट जुने घाल.