मदत हवी आहे : ३९५ की ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च?

आठवीच्या वर्गात दाखवायचं आहे की अतिनील किरण प्रत्येक पदार्थातून सारखे जात नाहीत. माझ्याकडे ३९५ नॅनोमीटर तरंगलांबीचा साधा एलईडी यूव्ही (म्हणजे अतिनील) टॉर्च आहे. अर्धं काम छान झालं: स्पिरिटमध्ये घोळलेली हळद हिरवट-पिवळी झळाळते, नोटेतले बारीक तंतू चमकतात. मुलं हरखून जातील, खात्री आहे.

अडलंय ते अडवणुकीच्या भागात. टॉर्च आणि हळदीच्या मध्ये खिडकीची काच धरली, काहीच फरक नाही. (काच मुख्यतः ३२० च्या खालचे किरण रोखते, त्यामुळे हे अपेक्षितच.) पण पॉलिकार्बोनेटचा (कडक पारदर्शक प्लास्टिकचा) चष्मा धरला तरी झळाळी जेमतेम कमी झाली. काचेवर सनस्क्रीनचा पातळ थर लावूनही तेच. टॉनिक वॉटरमधलं क्विनाइन (अतिनील किरणांत निळं चमकणारं कडू द्रव्य) तर फार फिकं दिसतं. टॉर्चचा दृश्य जांभळा प्रकाशच सगळं झाकून टाकतोय, असा माझा अंदाज आहे.

पाण्याच्या फिल्टरमधला २५४ नॅनोमीटरचा दिवा सुचवू नका, मुलांच्या डोळ्यांना आणि त्वचेला तो घातक आहे. वर्गात पूर्ण अंधार होत नाही, पडदे आहेत. बजेट हजार रुपयांच्या आत.

ज्यांनी प्रत्यक्ष करून पाहिलंय त्यांना विचारतो: ३६५ चा टॉर्च घेतला तर चष्मा आणि सनस्क्रीनच्या मागे हळद स्पष्ट विझलेली दिसेल का, की टॉर्चवर दृश्य प्रकाश गाळणारी काळी काचही लागेलच?