मंडळीचा (ख्रिस्ती चर्चचा) इतिहास गटाने वाचायचा आहे. सुरुवात कोठून करावी?

धागाकर्ती:
नमस्कार. आम्ही पुण्यातील सात जण, चार प्रॉटेस्टंट आणि तीन कॅथलिक, दर पंधरा दिवसांनी रविवारी दुपारी दोन तास ईश्वरविज्ञान व मंडळीचा इतिहास यांच्या अभ्यासासाठी एकत्र बसतो. पहिले चार महिने एका जाड इंग्रजी ग्रंथात गेले. सनावळी पाठ झाली, पण चौथ्या शतकातील धर्मगुरू अरियसचे म्हणणे नेमके काय होते आणि त्यावरून एवढे वादळ का उठले, हे आमच्यापैकी एकालाही सांगता येईना. सेमिनरीत (धर्मगुरूंच्या प्रशिक्षण संस्थेत) शिकलेले कोणी नाही आणि दोघांना इंग्रजी वाचन जड जाते. थोडेच वाचावे, पण मुळातून वाचावे, अशी इच्छा आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १:
पुत्र, म्हणजे येशू ख्रिस्त, पित्याइतकाच देव आहे का, हा अरियसमुळे पेटलेला नायसियाचा एकच वाद घ्या. तेथे ३२५ साली भरलेल्या बिशपांच्या परिषदेचा मतांगीकार (श्रद्धेचे अधिकृत निवेदन) आणि ३८१ सालच्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेशी जोडला जाणारा, आज उपासनेत म्हटला जाणारा मतांगीकार, हे दोन्ही एका कागदावर शेजारी शेजारी लिहून काढा. पहिल्यात पवित्र आत्म्याचा केवळ उल्लेख आहे. दुसऱ्यात तो प्रभू, जीवन देणारा आणि संदेष्ट्यांच्या द्वारे बोललेला आहे. उलट, पुत्र नव्हता असा एक काळ होता, असे म्हणणाऱ्यांचा पहिल्याच्या शेवटी असलेला निषेध दुसऱ्यात नाही. हे फरक स्वतःच्या डोळ्यांनी टिपले की मधल्या ५६ वर्षांत काय घडले, हा प्रश्न गटातूनच येतो. त्यानंतर अरियसचा विरोधक बिशप अथनेशियस याचा देहधारणेवरील छोटा ग्रंथ घ्या. त्यात अरियसचे नावही नाही, परंतु मनुष्याच्या तारणासाठी स्वतः शब्दालाच, म्हणजे देवाच्या पुत्रालाच, देह का धारण करावा लागला, हे त्याने इतक्या कळकळीने मांडले आहे की पुढचा सारा वाद समजू लागतो. इंग्रजी येणाऱ्याने एकेक परिच्छेद वाचून तो तोंडी मराठीत सांगावा. आमच्या गटात हे फार उपयोगी पडले.

प्रतिसाद २:
वरील सूचनेशी सहमत आहे. पुत्र पित्याशी ‘एकतत्त्व’ आहे, हे सांगणारा ग्रीक शब्द पवित्र शास्त्रात नाही आणि म्हणूनच अनेक बिशप तो स्वीकारताना बिचकले. शास्त्राबाहेरचा शब्द श्रद्धेसाठी वापरावा का, हा प्रश्न आपल्या भाषेतही आलेला आहे. १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेल्या ख्रिस्तपुराण या मराठी काव्यात स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द योजला. नायसियानंतर त्यातील काही ओव्या मोठ्याने वाचा. दोन्ही परंपरांच्या सदस्यांना बोलण्यासारखे पुष्कळ सापडेल. एक शब्दवहीही ठेवा, कारण भाकर व द्राक्षारसाच्या उपासनेला कोणी ‘प्रभुभोजन’ म्हणेल आणि कोणी ‘मिस्सा’, आणि प्रत्येक शब्दामागे एक शिकवण उभी असते.

धागाकर्ती:
मनापासून आभार. एक शंका आहे: अरियसची बाजू केवळ त्याच्या विरोधकांकडूनच ऐकायची का?

प्रतिसाद १:
नाही. आपला पाठीराखा, निकोमेडियाचा बिशप युसेबियस याला त्याने लिहिलेले पत्र उपलब्ध आहे आणि ते एका बैठकीत वाचून होते. पहिल्या बैठकीत तेच वाचा, आणि एका सदस्याने पूर्ण तयारीने त्याची बाजू मांडावी. पुत्राला कमी लेखण्यापेक्षा पित्याचे एकमेवपण जपण्याची त्याची धडपड त्यातून दिसते, आणि अथनेशियसला एवढ्या निकराने उत्तर का द्यावे लागले, हेही तेव्हाच कळते.