शब्दचर्चा : 'पुट ऑफ'चा प्रत्येक वेळी 'पुढे ढकलणे' होतो का?

प्रश्न : 'द स्मेल पुट मी ऑफ माय फूड' या वाक्यात पुढे ढकलण्यासारखं काहीच नाही. मग अर्थ कसा लावायचा? शिवाय 'पुट ऑफ इट' चूक का?

उत्तर : आधी कर्म बघा. कर्म म्हणजे एखादं काम किंवा कार्यक्रम असेल, तर अर्थ बहुधा पुढे ढकलणे. 'दे पुट द मीटिंग ऑफ टिल मंडे' म्हणजे बैठक सोमवारवर ढकलली. बैठक रद्द झाली असेल तर 'कॉल ऑफ'. या दोन्हींची गल्लत फार होते.

स्वतःचंच काम टाळलं जात असेल तेव्हा 'चालढकल' हा शब्द चपखल बसतो. 'ही कीप्स पुटिंग ऑफ गोइंग टू द डेंटिस्ट' : दाताच्या डॉक्टरांकडे जायची तो सारखी चालढकल करतो. इथे 'गोइंग'च हवं, 'टू गो' चालत नाही.

कर्म माणूस असेल तर खरी गंमत सुरू होते. तुमच्या वाक्याचा अर्थ, त्या वासाने माझी अन्नावरची वासनाच उडाली. 'डोन्ट बी पुट ऑफ बाय द टायटल' : नाव वाचून बिचकू नका. 'स्टॉप लाफिंग, यू आर पुटिंग मी ऑफ' : हसू नकोस, माझं लक्ष उडतंय; हा वापर मुख्यतः ब्रिटिश. आणि 'शी पुट हिम ऑफ विथ अ प्रॉमिस' : तिने आश्वासनावर त्याची बोळवण केली. सुटं 'शी पुट हिम ऑफ' यांतलं काहीही असू शकतं, म्हणून मागचंपुढचं वाक्य वाचल्याशिवाय भाषांतर करू नये.

'इट', 'हिम', 'देम' अशी सर्वनामं नेहमी मधेच येतात : 'पुट इट ऑफ'. नाम मधे किंवा नंतर, कुठेही चालतं. मात्र कर्म लांबलचक असेल तर ते 'ऑफ'नंतरच ठेवा, नाहीतर वाचणारा 'ऑफ'ची वाट बघत राहतो.

पुरवणी : काळाकडेही लक्ष हवं. 'पुट'ची तिन्ही रूपं सारखीच. त्यामुळे 'दे पुट इट ऑफ' वर्तमान की भूत, हे एकट्या वाक्यावरून कळत नाही. 'ही पुट इट ऑफ' मात्र भूतकाळच, कारण वर्तमानात 'पुट्स' झालं असतं.

'ऑफ-पुटिंग' हे विशेषण मन उडवणाऱ्या किंवा लक्ष उडवणाऱ्या गोष्टीसाठीच. पुढे ढकललेल्या बैठकीला ते लावता येत नाही. 'आय वॉज पुट आउट' हे तर वेगळंच, त्यात नाराजी आहे.

आणखी एक : कपडे घालणे 'पुट ऑन' म्हणून काढणे 'पुट ऑफ', असा हिशेब करू नका. आजच्या इंग्रजीत त्याला 'टेक ऑफ' म्हणतात. दिवा बंद करायलाही 'टर्न ऑफ' किंवा 'स्विच ऑफ' वापरा.