मदत हवी आहे: कबुलीत काय राहिलं ते आईला आठवत नाही, आणि ती कम्युनियन घेत नाही

आईचीलेक:
नमस्कार मंडळी. प्रश्न धर्माचा आहे आणि घरचाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आम्ही कॅथलिक, मूळचे श्रीरामपूरकडचे. वडिलांच्या नोकरीमुळे पुण्यात आलो ते इथलेच झालो. आता मी आणि आई वडगाव शेरीत राहतो. आई ७८ वर्षांची. तिने २६ वर्षं एका दवाखान्यात आया म्हणून काम केलं, त्यातली निम्मी तरी रातपाळी. दीड वर्षापासून तिला विसरायला होतंय. जुनं सगळं लख्ख, कालचं पुसलेलं. डॉक्टरांची औषधं चालू आहेत.

ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ सुरू झाल्यापासून तिच्या मनात एकच गोष्ट रुतून बसली आहे: "माझं एक पाप सांगायचं राहिलंय." कोणतं म्हणून विचारलं तर सांगता येत नाही. शनिवारी संध्याकाळी मी तिला कबुलीला नेते, फादर ऐकून घेतात, पापक्षमा देतात, आम्ही रिक्षाने घरी येतो. रविवारी सकाळी मिस्सेला निघताना निऱ्या हातात धरून ती मध्येच थांबते. "अगं, माझी कबुली कुठे झालीय?" मग चर्चमध्ये कम्युनियनच्या वेळी आख्खा बाक रिकामा होतो आणि ती एकटी बसून राहते, पुढच्या बाकाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून. मी परत येऊन शेजारी गुडघे टेकते तेव्हा माझ्याकडे बघत नाही. असे चार रविवार झाले.

जे ख्रिस्ती नाहीत त्यांच्यासाठी: कबुली म्हणजे फादरांपाशी, म्हणजे धर्मगुरूंपाशी, आपली पापं सांगून क्षमा घेणं, मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना आणि कम्युनियन म्हणजे मिस्सेत दिली जाणारी पवित्र भाकर. गंभीर पाप मनावर असेल तर आमच्यात कबुली केल्याशिवाय कम्युनियन घेत नाहीत. आईने हा नियम लहानपणापासून पाळला आहे. ती हट्ट करत नाहीये, तिला खरंच भीती वाटते.

गेल्या आठवड्यात रात्री दोनला जाग आली तर स्वयंपाकघरात दिवा. आई ओट्यापाशी उभी, हातात पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या. म्हणाली, "त्या बाईला मी पाणी दिलं नाही गं." कधीची तरी जुनी गोष्ट. दवाखान्यात एका बाईचं ऑपरेशन झालं होतं, ती रात्रभर पाणी मागत होती, आईने दिलं नाही, आणि सकाळी ती बाई गेली. "सिस्टरने देऊ नको म्हणून सांगितलं होतं, का मलाच उठायचा कंटाळा आला होता, ते आता आठवत नाही." हे पूर्वी कधी फादरांना सांगितलं की नाही, तेही आठवत नाही. राहिलेलं पाप बहुधा हेच असावं. नसेलही.

जे पाप होतं की नव्हतं हेच माहीत नाही, ते कबुलीत सांगावंच लागतं का? आणि जे आठवतच नाही त्याचं काय होतं? एका फादरांना आम्ही मिस्सेनंतर गाठलं होतं. ते घाईत होते, "आजी, तुमची कसली आलीत पापं, निवांत जा" म्हणाले. चांगल्या मनानेच म्हणाले, पण आई घरी येऊन म्हणाली, त्यांनी ऐकूनच घेतलं नाही.

शेवटचा प्रश्न माझा स्वतःचा. ती विचारते, "मी सगळं सांगितलं ना गं?" मी म्हणते, "हो आई, सगळं सांगितलंस." मी तिथे नव्हते, मला काय माहीत तिने काय सांगितलं? हे रोजचं खोटं बोलणं मलाच आता जड जातंय.

खडकीकर:
ताई, मी आमच्या चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण देतो, त्यामुळे एवढं ठामपणे सांगू शकतो: विसरलेलं पाप आणि लपवलेलं पाप यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

चर्चच्या कायद्यातलं ९८८ वं कलम बघा. बाप्तिस्म्यानंतर केलेली, अजून कबूल न केलेली सगळी गंभीर पापं प्रकार आणि संख्येसह सांगायची, पण कोणती? नीट आत्मपरीक्षण केल्यावर ज्यांची जाणीव होते ती. ज्याची जाणीवच नाही ते सांगण्याचं ओझं चर्च कुणावर टाकत नाही. ट्रेंटच्या धर्मसभेने हे १५५१ मध्येच सांगून ठेवलंय. मनापासून विचार करूनही जी पापं आठवत नाहीत, ती त्याच कबुलीत आली असं धरायचं. आणि तिथे आधार दिलाय तो १९ व्या स्तोत्राचा, जिथे स्तोत्रकर्ता आपल्याला न दिसणाऱ्या दोषांतून सोडव म्हणून देवाला विनवतो. म्हणजे आईंनी त्या शनिवारी जे आठवलं ते सांगितलं असेल, तर जे आठवलं नाही त्याचीही क्षमा झाली. पुढे कधी एखादं गंभीर पाप स्पष्ट आठवलं, तर पुढच्या कबुलीत ते सांगायचं. तोवर कम्युनियन थांबवायची गरज नाही.

जाणूनबुजून लपवलं तर मात्र ती कबुली कबुली राहत नाही. आमच्या वर्गात "काही लपवू नका" हे आम्ही इतक्यांदा सांगतो की "विसरलं तर घाबरू नका" हे सांगायचं राहून जातं. आईंच्या वेळी तर ते कुणी सांगितलंच नसेल. हा दोष शिकवणाऱ्यांचा आहे, त्यांचा नाही.

रातपाळी:
मी नर्स आहे. धर्मातलं मला कळत नाही, पाण्याचं कळतं. भूल दिलेल्या पेशंटला शुद्ध नीट येईपर्यंत तोंडाने पाणी देत नाहीत. उलटी होऊन ती श्वासनलिकेत गेली तर जीवावर बेततं. पोटाचं ऑपरेशन असेल तर पूर्वी आतड्यांची हालचाल सुरू होईपर्यंत, कधीकधी दोन-दोन दिवस, ओठ ओल्या कापसाने पुसण्यापलीकडे काही करायचं नाही, अशीच ताकीद असे. तुमच्या आईंनी पाणी दिलं असतं तर सिस्टरनेच त्यांना फैलावर घेतलं असतं. त्या रात्री काय झालं ते मी सांगू शकत नाही, पण पेशंट पाणी मागतोय आणि आपण द्यायचं नाही, हे रातपाळी केलेल्या प्रत्येकीच्या वाट्याला आलंय. ते आवाज माझ्याही कानात राहिलेत.

स्पष्टबोला:
मला वाटतं शंका असली तरी सांगून टाकलेलं बरं. नुकसान काय? पाप असेल तर क्षमा होईल, नसेल तर नसेल. "संशय आहे म्हणून सांगायची गरज नाही" असं शिकवलं तर माणसं सोयीस्करपणे सगळंच संशयास्पद ठरवतील.

जुना_विद्यार्थी:
मी काही वर्षं रामवाडीला सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू होण्याचं शिक्षण देतात तिथे, होतो, नंतर सोडलं, पण हा विषय माझ्या फार जवळचा आहे. कबुली करूनही काहीतरी राहिलंय असं वाटत राहायचं, हा त्रास मला स्वतःला होता.

स्पष्टबोला, तुमचं म्हणणं सर्वसाधारण माणसाला लागू आहे. शंका असेल तर शंका म्हणून सांगावी, हा सल्ला जुना आणि चांगला आहे. बंधन मात्र नाही. कृत्य गंभीर, ते गंभीर आहे याची पूर्ण जाणीव, आणि मनाची पूर्ण संमती, या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तरच ते पाप आत्म्याला मारणारं ठरतं. ज्याचं मन सैल आहे त्याने शंका सांगावी. पण ज्याचं मन आधीच सोललेलं आहे, त्याला "सांगूनच टाक" म्हणणं म्हणजे खपली काढत राहणं. त्याची कबुली कधी संपतच नाही.

संत इग्नेशियस लोयोला यांची गोष्ट मला तिथे एका वृद्ध फादरांनी सांगितली होती. इग्नेशियसनी स्पेनमधल्या माँसेरातच्या मठात तीन दिवस बसून, लिहून काढून, आयुष्यभराची कबुली केली. तरी १५२२ मध्ये जवळच्या मानरेसा गावी राहत असताना त्यांना वाटतच राहिलं की काहीतरी सुटलंय. पुन्हा कबुली, पुन्हा तेच. कबुली ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी सांगितलं, अगदी स्पष्ट असेल तेवढंच जुनं सांग. पण त्यांना सगळंच स्पष्ट वाटायचं! जीव द्यावासा वाटण्यापर्यंत मजल गेली. शेवटी त्यांनी ठरवलं की झालेल्या पापांची कबुली पुन्हा करायची नाही, आणि तिथून सुटका झाली. पुढे त्यांनी याच विषयावर टिपणं लिहिली. त्यात एक उदाहरण आहे: वाटेत गवताच्या दोन काड्यांचा क्रूस पडलेला, त्यावर चुकून पाय पडला, आणि माणूस ठरवून टाकतो की मी पाप केलं. ते म्हणतात, हा चुकीचा निवाडा आहे.

संत आल्फोन्सस लिग्वोरी यांनाही हाच त्रास होता. १९५० मध्ये चर्चने त्यांना कबुली ऐकणाऱ्यांचे आश्रयदाते संत ठरवलं. त्यांचं अशा माणसांना सांगणं एकच: एक धर्मगुरू धरा आणि त्यांचं ऐका, स्वतःच्या भीतीचं ऐकू नका.

ताई, तुमच्या आईंचं थोडं वेगळं आहे, त्यांच्या भीतीच्या मुळाशी विसरणंही आहे. म्हणून रोज नव्या फादरांकडे नेऊ नका. मराठी नीट समजणारे एक फादर ठरवा, आधी तुम्ही एकट्या भेटून आजाराचं सांगा, आणि शनिवारची रांग सोडून दुसरा वेळ मागा. पाण्याची गोष्ट आईंनी एकदाच सांगावी, आहे तशी: "पाप होतं का माहीत नाही, आधी सांगितलं का आठवत नाही." शंका शंकेच्या रूपात सांगितली की ती पूर्ण कबुली झाली. त्यात आणखी काही शोधायचं नाही.

रुग्णाभ्यंगाचंही विचारा, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावून प्रार्थना करतात त्या संस्काराचं. म्हातारपणाने किंवा आजाराने प्रकृती धोक्यात येऊ लागली की तो संस्कार घेता येतो, मरणाच्या दारातच असावं लागत नाही, आणि पुन्हाही घेता येतो.

आता तुमच्या खोट्याबद्दल. कबुली चालू असताना तुम्ही कुठे असता?

आईचीलेक:
सगळ्यांचे मनापासून आभार. रातपाळीताई, तुमचं लिहिलेलं मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "कापूस... हो, कापूस होता वाटीत." एवढंच.

जुना विद्यार्थी, आमच्याकडे उपवासकाळात गर्दी असते म्हणून मतमाउलीच्या, म्हणजे मारियामातेच्या, पुतळ्याशेजारी दोन खुर्च्या टाकतात. मी सात-आठ बाक मागे बसते. शब्द ऐकू येत नाहीत. शेवटी फादर तिच्या डोक्यावर हात धरतात तो दिसतो.

जुना_विद्यार्थी:
मग तेवढंच सांगा. "तू काय सांगितलंस ते मला माहीत नाही आई, पण फादरांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवून क्षमा दिली, ते मी डोळ्यांनी बघितलं." यात एक अक्षर खोटं नाही. आणि आईंना हवं आहे ते हेच. पापांची यादी पूर्ण झाली का, हे कुठल्याच माणसाला कळत नाही. क्षमा मिळाली याला मात्र साक्षीदार असू शकतो.

सदाफुली:
मी ख्रिस्ती नाही, पण सासूबाईंना हाच आजार होता, म्हणून लिहिते. वाद घालू नका आणि दर वेळी नवीन शब्दांत समजावू नका. उत्तर तेच, शब्द तेच, आवाजही तोच ठेवा. आणि शक्य असेल तर त्यांच्याच हाताने कुठेतरी लिहून ठेवा. सासूबाई आमच्यापैकी कुणाचं ऐकायच्या नाहीत, पण स्वतःचं अक्षर दिसलं की शांत व्हायच्या.

खडकीकर:
सदाफुलीताईंचं म्हणणं चांगलं आहे, फक्त पापं लिहून ठेवू नका. क्षमा लिहा. आणि ताई, पाण्याची गोष्ट आईंनी कबुलीत सांगितली की नाही, हे नंतर त्यांना विचारू नका. तो विषय त्या खुर्च्यांपाशीच राहू द्या.

आईचीलेक:
तीन आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा.

ओळखीच्या एका फादरांना आधी एकटी भेटले. त्यांनी गुरुवारी दुपारी बोलावलं, चर्चमध्ये कुणी नव्हतं. वीस-पंचवीस मिनिटं दोघं बोलत होते, एकदा आई हसल्यासारखीही वाटली. मग हात डोक्यावर. त्यांनी तिला सांगितलं म्हणे, आता जुनं काही शोधायचं नाही, फार वाटलं तर माझ्याकडेच यायचं. बाकी मी विचारलं नाही.

घरी आल्याबरोबर तिच्या हातात पेन दिलं. कालनिर्णयवर त्या गुरुवारच्या चौकटीत तिने लिहिलं: "कबुली झाली. क्षमा मिळाली." अक्षर थरथरतं, पण दवाखान्याच्या हजेरीवहीत सही करायची तसंच, उजवीकडे झुकलेलं.

रविवारी निऱ्या धरून ती पुन्हा थांबली. मी ठरलेलं वाक्य म्हटलं आणि तिला भिंतीपाशी नेलं. चौकटीवर बोट ठेवून तिने दोनदा वाचलं. "अक्षर माझंच आहे," म्हणाली. त्या दिवशी रांगेत माझ्या पुढे उभी होती. पुढच्या रविवारी मात्र वाचूनही बसून राहिली, मीही मग उठले नाही. काल पुन्हा गेली.

रुग्णाभ्यंगाचं अजून तिला बोलले नाही. आमच्या गावाकडे त्याला शेवटचं तेलच समजतात, ती घाबरेल. फादर म्हणाले, घाई नाही, घरी येऊन आधी नुसते गप्पा मारतो.

रात्री ती अजून उठते. तांब्या मी आता तिच्या उशाशीच भरून ठेवते.