लव्हेंडर तेल थेट चेहऱ्याला चालतं का?

प्रश्न (फोंडा): पाऊस सुरू झाला की माझ्या हनुवटीवर पुटकुळ्या उठतात. मावशीने लव्हेंडर तेलाची बाटली दिलीय. कापसाने थेट लावू, की घरच्या खोबरेलात मिसळून?

उत्तर (म्हापसा): थेट मुळीच नको गं! चेहऱ्याला 1 टक्का पुरे, म्हणजे 30 मिली तेलात 6 थेंब. खोबरेल अंगाला उत्तम, पण पुटकुळ्यांच्या चेहऱ्यावर छिद्रं बुजतात. जोजोबाचं तेल घे. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघ. आणि बूच घट्ट लाव. लव्हेंडरमधल्या लिनालूल या सुगंधी घटकाला हवा लागत राहिली की पुढे त्याचीच अ‍ॅलर्जी होऊ शकते. बाटली जुनी असेल तर चेहऱ्याला नकोच.

उत्तर (मडगाव): सुगंधाने मन निवतं, मी रात्री उशाशी ठेवते. पण पुटकुळ्या चिघळल्या तर त्वचेच्या डॉक्टरांकडेच जा.

प्रश्नकर्ती: आणि जाईचं तेल? बाजारात फार स्वस्त मिळतं.

उत्तर (म्हापसा): स्वस्त असेल तर तो बहुधा कृत्रिम वास. जाई नाजूक, वाफेच्या उष्णतेने तिचा गंध बिघडतो, म्हणून अर्क द्रावकाने, म्हणजे गंध विरघळवून घेणाऱ्या द्रवाने, काढतात. ढीगभर फुलांतून थोडासाच निघतो. तसलं स्वस्त तेल चेहऱ्याला लावू नकोस, जायो (जाईची फुलं) केसांत माळ.