आठ परदेशी पाहुणे, सोलापूर ते हंपी, चार दिवस. पहिल्यांदाच नेतोय, काय काय सांभाळू?

होटगीरोडकर:
नमस्कार मंडळी. मामांची टेम्पो ट्रॅव्हलर आहे, एरवी लग्नं आणि देवदर्शनं करतात. या वेळी एका एजंटाकडून वेगळंच काम आलंय. फ्रान्स-बेल्जियमचे आठ जण, सगळे साठीच्या पुढचे, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं सकाळी सोलापुरात उतरणार. तिथून विजापूर, बदामी, पट्टदकल करत चौथ्या दिवशी हंपीला सोडायचं. गाडी मामा चालवणार आणि "तुला इंग्रजी येतंय की" म्हणून सोबत मी. मी बारावीचे क्लास घेतो. व्याकरणाचं इंग्रजी येतं, गप्पांचं किती येतं ते स्टेशनवरच कळेल.

पहिल्या दिवसाचा बेत असा: सिद्धेश्वर मंदिर, भुईकोट किल्ला, मग नळदुर्ग, तुळजापूर, अक्कलकोट, चादरीचा कारखाना आणि रात्री विजापूर मुक्काम. दुपारचं जेवण आमच्या घरी. आई कडक भाकरी, शेंगाचटणी, शेंगांची आमटी आणि भरलं वांगं करणार आहे. तिखट कमी करायला सांगितलंय. आणखी काही राहिलंय का?

जुनं स्टेअरिंग:
भावा, आधी नकाशा काढून बघ. नळदुर्ग हैदराबाद रोडला, तुळजापूर उत्तरेला, अक्कलकोट आग्नेयेला आणि जायचंय दक्षिणेला विजापूरला. पाहुणे फिरवायलास का भोवरा? त्यातून नळदुर्गाचे नर-मादी धबधबे पावसाळ्यात बोरी नदी भरली तरच पडतात. जानेवारीत बंधाऱ्याची भिंत दिसेल. किल्ला झकास आहे, नाही म्हणत नाही, पण या फेरीत नको. रात्रभर रेल्वेत अंग आंबलेली साठीची माणसं आहेत. त्यांना आधी खोली, गरम पाणी आणि दोन तास दे. मग तळ्याकाठी सिद्धेश्वर, भुईकोट, घरचं जेवण आणि चार वाजता विजापूर रोड. शंभर किलोमीटर आहे, उजेडात पोचशील.

मी अठरा वर्षं याच रस्त्यावर गाडी हाकली, म्हणून थोडं लांबण लावतो.

मुक्कामाचं आजच बघ. परदेशी माणूस उतरला की हॉटेलवाल्याला चोवीस तासांत 'सी फॉर्म' ऑनलाईन भरावा लागतो. बारक्या लॉजवाल्यांना ती भानगड नको असते. एकदा रात्री साडेनऊला सहा जर्मन आणि त्यांच्या बॅगा घेऊन मी एका लॉजच्या काउंटरवर उभा होतो. आगाऊ पैसे दिलेले. पासपोर्ट बघितले आणि मॅनेजरनं रजिस्टर मिटलं. "आमच्याकडं फॉरेनर चालत नाहीत." दुसरी जागा मिळेस्तोवर साडेअकरा झाले. तेव्हापासून बुकिंगच्या फोनवर माझा पहिला प्रश्न हाच: सी फॉर्म भरता का? भाडं नंतर.

दुसरं, गोल घुमटात शिरून तू स्वतः माहिती सांगत बसू नकोस. पुरातत्त्व खात्याच्या जागी लायसनवाला गाईड लागतो. दारातच मिळतात, दर आधी ठरव. परदेशी लोकांचं तिकीट आपल्यापेक्षा कितीतरी पट जास्त असतं, तो हिशेब एजंटाला आत्ताच विचार, नाहीतर मामांच्या खिशाला भोक.

आणि घुमट सकाळी उघडतो तेव्हाच गाठ. जानेवारी म्हणजे शाळांच्या सहलींचा हंगाम. नऊनंतर वरच्या सज्जात दोनशे पोरं एकदम बोंबलतात आणि तो आवाज सात-आठ वेळा फिरून डोक्यात बसतो. वर जायला कोपऱ्यातल्या सात मजली मनोऱ्याचा अरुंद दगडी जिना आहे, गुडघेवाल्यांना आधीच कल्पना दे. एका पहाटे मी एका फ्रेंच आजींना वर नेलं होतं. त्यांना भिंतीला कान लावून बसवलं आणि मी चालत पार समोरच्या बाजूला गेलो. खिशातून डिझेलची पावती काढली आणि हळू फाडली. समोरून त्यांनी हात वर केला. मग त्यांनी तिकडं काहीतरी पुटपुटलं, ते मला कानात सांगितल्यासारखं ऐकू आलं. फ्रेंच होतं, कळलं काहीच नाही. हा घुमट ज्याच्या कबरीवर आहे तो महंमद आदिलशहा १६५६ ला गेला, घुमट बाहेरून ४४ मीटर रुंद, मधे एक खांब नाही, हे सगळं गाईडनं खाली सांगितलेलं, पण आजी अर्धा तास तिथनं उठल्या नाहीत. विजापुरातलाच दुसरा मकबरा, इब्राहिम रोजा, त्या दिवशी दुपारवर गेला. जाऊ दिला.

बाकी किरकोळ: गाडीला ऑल इंडिया परमिट आहे ना बघ, पुढचे तीनही दिवस कर्नाटकात आहात. आणि संडास. नीट संडास असलेले पंप तू आणि मामा आधी एक चक्कर मारून हेरून ठेवा. बायामाणसं लाजून पाणी पीत नाहीत, मग दुपारी चक्कर येते. परदेशी असल्या तरी तेच.

भीमाकाठी:
नळदुर्ग गाळताय तर विजापूर रोड सोडून जरा आत हत्तरसंग कुडलला न्या. भीमा आणि सीना तिथं मिळतात. संगमेश्वराच्या देवळात तुळईवर शके ९४० म्हणजे १०१८ चा मराठी शिलालेख आहे, जो वाचेल तो विजयी होईल अशा अर्थाचा. शेजारी ३५९ मुखांचं शिवलिंग. गर्दी नाही, तिकीट नाही, नदीवर वारा असतो. फक्त सोलापुरातनं तीनला निघा. माझं माहेर त्याच बाजूचं, म्हणून थोडी बाजू घेतेय असं समजा.

शिलालेखवेडा:
कुडलला जाच, पण "मराठीतला सर्वांत पहिला शिलालेख" असं छातीठोक सांगू नका. रायगडच्या अक्षीचा शके ९३४ चा म्हणणारेही आहेत. 'हजार वर्षांपूर्वीचं मराठी' म्हणा, तेवढ्यानं काम होतं.

जुनं स्टेअरिंग:
कुडल चालेल, ताईंचं बरोबर आहे. आणि एक राहिलंच, खरं तर हेच आधी लिहायला पाहिजे होतं. आईंचा बेत वाचून पोटात गोळा आला. तिखटाचं सोड, ते दह्यानं भागतं. त्या आठांत कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का हे विचारलंस का? आपल्याकडं आमटीत कूट, वांग्यात कूट, चटणी तर नुसती शेंगाच, वर तेलही शेंगांचंच. आपण त्याला शेंगदाणा म्हणून मोजतच नाही. त्यांच्यातल्या एखाद्याचा एका घासात घसा सुजून श्वास अडकू शकतो. एजंटाला आजच मेल टाक, आठही जणांचं नावानिशी लेखी उत्तर घे.

होटगीरोडकर:
काका, काल मेल टाकला, आज उत्तर आलं. आठांतल्या एका बाईंना आहे. चांगलीच आहे, इंजेक्शन सोबत घेऊन फिरतात म्हणे. एजंटानं आम्हाला पाठवलेल्या यादीत फक्त 'दोघे शाकाहारी' एवढंच होतं.
आईला सांगितलं तर ती पाच मिनिटं काही बोललीच नाही. मग म्हणाली, "शेंगा नाही तर सोलापूरचं म्हणून वाढू काय?" आता कारळाची चटणी, ज्वारीची भाकरी, वांगं नुसत्या खोबऱ्या-तिळात आणि तेल करडईचं, इथवर आलीये. त्या बाईंना तीळ-खोबरं चालतं, तेही विचारून घेतलं. नळदुर्ग, तुळजापूर, अक्कलकोट रद्द. कुडल घेतलं. परमिट आहे. बदामीच्या हॉटेलवाल्यानं सी फॉर्मचं नाव काढताच "नंतर फोन करतो" म्हणून ठेवून दिला, त्यामुळं दुसरं बघतोय.

जुनं स्टेअरिंग:
बदामीत मोठ्या रस्त्यावरच्या हॉटेलांना विचार, तिथं परदेशी नेहमीचे आहेत. कन्नडमध्ये बोल, काम लवकर होतं. आणि आईंना सांग, कारळ घरच्या उखळात कुटायचं नाही. त्यात शेंगांचं तेल वर्षानुवर्षं मुरलेलं असतं, कितीही धुतलं तरी जात नाही. मिक्सरचं भांडंही तेच. शेजारून आणू नका, तिथंही शेंगाच कुटलेल्या असणार. नवीन भांडं घ्या.

होटगीरोडकर:
नवीन भांडं आणायला मामा आत्ताच गेले. बिल एजंटाला लावणार म्हणालेत.